चंद्रावरून आलेले अशनी गोळा करायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्राचा दगड विकत मिळतो म्हटलं की लोक एकदम चार-पाच प्रश्न टाकतात आणि बहुतेक वेळा तेच ते असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्यांना नुसती उत्सुकता आहे त्यांनी पहिले काही वाचले तरी पुरे. पैसे घालणार असाल तर मात्र नंबर, कागद आणि किमतीचे प्रश्न सोडू नका, गोची तिथेच होते.

चंद्राचा दगड आपल्यासारख्या माणसाला खरंच घेता येतो? बेकायदेशीर नाही का ते?

घेता येतो. गोंधळ होतो कारण चंद्राचे दगड दोन वाटांनी पृथ्वीवर आलेत. एक म्हणजे माणसांनी आणि यानांनी आणलेले. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो माती-दगड आणले, ते अमेरिकन सरकारच्या मालकीचे आहेत आणि खासगी माणसाने जवळ ठेवले की गुन्हा. वेगवेगळ्या देशांना छोटे खडे भेट दिले होते, त्यातला होंडुरासचा जेमतेम १.१ ग्रॅमचा खडा १९९८ मध्ये मायामीत कुणीतरी विकायला काढला तर अमेरिकन यंत्रणांनी गिऱ्हाईक बनून सापळा लावला आणि तो जप्त केला. याला अपवाद अगदी मोजके, सगळ्यात माहितीतला म्हणजे सोव्हिएत लूना १६ यानाने आणलेले तीन बारीक कण. ते सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे प्रमुख अभियंता सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या विधवा पत्नीला सरकारने भेट दिले होते, १९९३ मध्ये लिलावात गेले आणि २०१८ मध्ये पुन्हा, ८ लाख ५५ हजार डॉलरला.

दुसरी वाट अशनींची, म्हणजे जे दगड आपले आपणच इथे येऊन पडले. ते जिथे सापडले त्या देशाच्या कायद्याप्रमाणे बाहेर आले असतील तर विकणं-घेणं कायदेशीर आहे. या पानावर पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पण तिथला दगड उडून इथे येतो कसा?

चंद्रावर लघुग्रह आदळतो तेव्हा खड्ड्याच्या कडेचे, पृष्ठभागालगतचे काही दगड प्रचंड वेगाने बाहेर फेकले जातात. चंद्राच्या ओढीतून सुटायला सेकंदाला २.३८ किलोमीटर वेग लागतो, पृथ्वीवरून हेच ११.२ होतं, शिवाय तिथे अडवायला हवा नाही. त्यामुळे बऱ्यापैकी छोट्या धडकेनेसुद्धा दगड सुटू शकतात, त्यासाठी अवाढव्य विवरच पडायला हवं असं नाही. सुटल्यावर काही लवकर येतात, काही पृथ्वीभोवती नाहीतर सूर्याभोवती फिरत राहतात आणि लाखो वर्षांनी पडतात. बोत्स्वानात १९९९ मध्ये सापडलेला कलहारी ००९ साडेतेरा किलोचा आहे आणि त्याचा प्रवास फक्त काही शे वर्षांचा निघाला. हे कळतं कसं, तर अवकाशात फिरताना वैश्विक किरणांचा मारा होऊन दगडात काही खास अणू तयार होतात, ते मोजले की उघड्यावर किती काळ होता ते निघतं.

पडताना कुणी बघितलाय का?

नाही. चंद्राचा म्हणून ओळखला गेलेला एकूणएक अशनी नंतर सापडलेला आहे. कुणी "आमच्या आजोबांच्या डोळ्यांसमोर पडलेला चंद्राचा दगड" विकत असेल तर तिथेच थांबा.

पहिला कधी सापडला?

१८ जानेवारी १९८२. अंटार्क्टिकात ॲलन हिल्स भागात जॉन शुट आणि इयन व्हिलन्स बर्फावरून स्नोमोबाइलने फिरत होते, तेव्हा त्यांना ३१.४ ग्रॅमचा एक दगड दिसला, साधारण तीन सेंटिमीटरचा. बाहेरचा थर हिरवट-तपकिरी काचेसारखा आणि आत पांढरे कोनेदार तुकडे. नेहमीच्या अशनींसारखा तो नव्हताच. नाव पडलं ॲलन हिल्स ८१००५. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या ब्रायन मेसन यांनी त्याचा काप बघितला आणि पांढरे तुकडे अपोलोने आणलेल्या ॲनॉर्थोसाइटसारखे, म्हणजे जवळजवळ सगळा फेल्डस्पार या फिकट खनिजाचा असलेल्या दगडासारखे, आहेत असं नोंदवलं. मग बऱ्याच प्रयोगशाळांत त्याचे कण गेले आणि १९८३ च्या ह्यूस्टनच्या परिषदेत सगळ्यांचा निष्कर्ष एकच, चंद्र.

खरंतर जपानी तुकडीने यामातो पर्वताजवळ १९७९ मध्येच एक चांद्र दगड उचलला होता पण तो ओळखला गेला नंतर. आणि ॲलन हिल्सच्या या छोट्याशा दगडाने दुसरं एक मोठं काम केलं असं मला वाटतं. तोपर्यंत धडकेने दगड एका गोलावरून दुसऱ्या गोलावर शाबूत येऊ शकतो हे बऱ्याच जणांच्या गळी उतरत नव्हतं. चंद्रावरून येतो हे सिद्ध झाल्यावर मंगळाची शक्यता लोक गंभीरपणे घ्यायला लागले, आणि त्या मंगळाच्या गटाचं नाव ज्यावरून पडलं तो शेरगोटी अशनी आपल्या बिहारमध्ये, शेरघाटीला, २५ ऑगस्ट १८६५ ला पडलेला आहे.

हा चंद्राचाच कशावरून? पृथ्वीचाच एखादा दगड कशावरून नसेल?

एका चाचणीने ठरत नाही, चार-पाच गोष्टी जुळाव्या लागतात. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण चंद्राचं आणि पृथ्वीचं जवळजवळ सारखंच आहे, त्यामुळे त्याने मंगळ आणि बहुतेक लघुग्रह बाद होतात पण पृथ्वी बाद होत नाही. पुढचं काम लोह आणि मँगनीजचं गुणोत्तर करतं. पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन या खनिजांत ते चंद्रावर साधारण ७० च्या आसपास येतं, पृथ्वीच्या दगडांत बरंच कमी. शिवाय चंद्राच्या दगडात पाणी धरून ठेवणारी अभ्रकासारखी खनिजं जवळपास नसतात, लोखंड ऑक्सिजन-टंचाईच्या अवस्थेतलं असतं, आणि वैश्विक किरणांच्या खुणा असतात ज्या पृथ्वीवर जन्मभर पडून राहिलेल्या दगडात नसतात. आणि शेवटी तुलना करायला अपोलोचे नमुने आहेतच, ते नसते तर हे सगळं इतक्या ठामपणे म्हणता आलं नसतं.

यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे खनिजाच्या दाण्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजणारं यंत्र, वगैरे लागतं. घरी, दुकानात, फोटोवरून हे ठरत नाही, समोरचा कितीही अनुभवी असला तरी.

दिसतो कसा? राखाडी असतो ना?

बाजारात जे सगळ्यात जास्त दिसतं ते म्हणजे फेल्डस्पारने भरलेला ब्रेशिया, म्हणजे धडकांनी फुटून पुन्हा एकत्र चिकटलेला दगड. त्याचा पॉलिश केलेला पातळ काप जुन्या घरातल्या मोझॅक लादीसारखा दिसतो, गडद राखाडी जमिनीत पांढरे तुकडे विखुरलेले.

आता दहापट भिंग घ्या आणि काप खिडकीजवळच्या उजेडात थोडा तिरका धरा. पांढरे तुकडे कोनेदार दिसतील, नदीतल्या गोट्यासारखे गोल झालेले नाहीत, कारण तिथे घासायला पाणीच नव्हतं. मोठ्या तुकड्याच्या आत कधीकधी आणखी लहान तुकडे दिसतात, म्हणजे आधी एकदा फुटून जुळलेला दगड पुन्हा फुटलाय. मधल्या राखाडी भागात बारीक बारीक दाणे, अगदी नजर संपते तिथपर्यंत. क्वचित एखादा पिवळसर-हिरवट ऑलिव्हिनचा दाणा. एखादा चमकणारा धातूचा ठिपका मिळाला तर तो बहुधा चंद्रावर आदळलेल्या लघुग्रहाचा उरलेला अंश असतो. आणि दगडातून आरपार जाणाऱ्या पांढऱ्या सरळ रेषा दिसल्या तर त्या चंद्रावरच्या समजू नका, सहारात हजारो वर्षं पडून राहिल्यावर भेगांत साचलेलं ते कॅल्साइट आहे. नवीन लोक या रेषांवरच खूश होतात म्हणून सांगतोय.

अखंड दगड बाहेरून मात्र साधा असतो, तपकिरी-करडा, वाळूने घासलेला. वरचं जळकं कवच वाळवंटात बहुतेक वेळा टिकलेलं नसतं.

सगळे असेच असतात का? प्रकार किती आहेत?

ढोबळ तीन. पहिला वर सांगितलेला उंचवट्यांचा, म्हणजे आपल्याला चंद्रावर जे पांढुरकं दिसतं तिथला. दुसरा बेसॉल्ट, म्हणजे चंद्रावरचे काळे डाग आहेत तिथला लाव्हा. हा कमी मिळतो आणि महाग असतो, मोरोक्कोतून आलेला एनडब्ल्यूए ०३२ याचं प्रसिद्ध उदाहरण, वय अडीचशे कोटी वर्षांच्या बरंच वर पण अपोलोच्या बेसॉल्टांपेक्षा तरुण. तिसरा म्हणजे क्रीप नावाच्या, पोटॅशियम, फॉस्फरस आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांनी भरलेल्या मालाचा, आणि तो खरोखर विरळ. बरेच दगड या तिघांची मिसळ असतात.

एनडब्ल्यूए आणि पुढे नंबर, हे काय प्रकरण आहे?

नॉर्थवेस्ट आफ्रिका. सहारात भटक्या लोकांना दगड सापडतो, तो हातोहात मोरोक्कोतल्या एर्फूदसारख्या गावातल्या व्यापाऱ्यांपर्यंत येतो आणि तोपर्यंत नेमका कुठे सापडला ते कुणी खात्रीने सांगू शकत नाही. अशा दगडांना मेटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची नामकरण समिती एनडब्ल्यूए आणि क्रमांक देते. जागा पक्की माहीत असेल तर जागेचं नाव मिळतं, जसं लायून ००२, बेचार ००३, ओमानचे धोफार आणि सेह अल उहैमीर.

नाव मिळवायला कुणातरी संशोधकाने दगड तपासून वर्गीकरण करावं लागतं आणि नमुन्याचा एक भाग मान्यताप्राप्त संस्थेत कायमचा जमा करावा लागतो, २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी असेल ते. मगच तो मेटिऑरिटिकल बुलेटिनच्या डेटाबेसमध्ये चढतो. हा डेटाबेस सगळ्यांना फुकट बघता येतो आणि संग्राहकासाठी यापेक्षा कामाची जागा दुसरी नाही. विक्रेत्याने सांगितलेलं नाव तिथे टाका, प्रकाराच्या जागी चांद्र लिहिलंय का बघा, एकूण किती वजन सापडलं, वर्णन कसं केलंय, मुख्य तुकडा कुणाकडे आहे, सगळं वाचा आणि मग समोरच्या तुकड्याशी ताडून बघा. वर्णनात बेसॉल्ट आणि हातात पांढऱ्या ठिपक्यांचा ब्रेशिया, असं झालं तर उठून चालू लागायचं.

"नंबर अजून नाही पण शंभर टक्के चंद्राचाच आहे", स्वस्तात देतोय. घेऊ का?

नको. माझं याबाबतीत मत पक्कं आहे. चंद्राच्या दगडाची किंमत त्याच्या ओळखीत असते, ओळख कागदावर नसेल तर तुमच्या हातात एक राखाडी खडा आहे, बस. तो माणूस खरं बोलत असेलही, पण मग त्याने वर्गीकरण करून घ्यावं आणि मग विकावं, भाव जास्त मिळेल त्यालाच.

यातला जरा नाजूक प्रकार म्हणजे "अमुक नंबरचा जोडीदार". एकाच दगडाचे तुकडे वाळवंटात विखुरतात, दहा व्यापारी दहा ठिकाणी घेतात, एकाचं वर्गीकरण होतं आणि बाकीचे आपापल्या तुकड्यांना तोच नंबर लावतात. बऱ्याचदा ते बरोबर असतंसुद्धा. पण तपासलेला तुकडा आणि दिसायला तसाच तुकडा यात फरक आहे, आणि डेटाबेसमध्ये एकूण वजन दोन किलो असताना बाजारात त्या नावाने पाच किलो फिरत असेल तर तुम्ही काय घेताय ते तुम्हालाच विचारा. लेबलवर "जोडीदार" असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि भाव त्याप्रमाणे असेल तर ठीक आहे, लपवलेलं असेल तर नाही.

किती पैसे पडतात?

२००० सालच्या आसपास ग्रॅमला हजारो डॉलर मोजावे लागत. गेल्या काही वर्षांत सहारातून मोठमोठे दगड आले आणि साधे फेल्डस्पारवाले ब्रेशिया खूप उतरले, ग्रॅमला दहापट कमी झालेले भावसुद्धा दिसतात. बेसॉल्ट, ज्यांचं एकूण वजन काही ग्रॅमच आहे असे, किंवा ज्यांच्यावर शोधनिबंध झालेत असे अजूनही महाग आहेत. दुसऱ्या टोकाला २०१८ चा लिलाव, मॉरिटानियात सापडलेला एनडब्ल्यूए ११७८९, सहा तुकडे एकमेकांत बसणारे आणि मिळून साडेपाच किलो, तो ६ लाख १२ हजार ५०० डॉलरला गेला आणि व्हिएतनाममधल्या टाम चुक बौद्ध मंदिर संकुलासाठी घेतला गेला.

आपल्याला त्यातलं काही लागत नाही. काही मिलिग्रॅमचा कण पारदर्शक डबीत नंबरासकट मिळतो आणि तोही चंद्रच आहे. पण डबीतला कण भिंगातूनही फारसं काही दाखवत नाही, म्हणून थोडं थांबून, पैसे साठवून, एका ग्रॅमच्या आतला का होईना पण पॉलिश केलेला काप घ्या असं मी सांगेन. दगडाची वीण दिसायला हवी.

अखंड दगड घ्यावा की काप?

काप. अखंड तुकडा दाखवायला छान पण आतलं काही दिसत नाही आणि खोटेपणाही अखंड तुकड्यात जास्त चालतो. कापताना बारीक हिऱ्याची तार वापरतात, तरी थोडा माल भुकटी होऊन जातो, कापाचा ग्रॅमचा भाव जास्त असतो त्याचं हे एक कारण.

खोटे माल कसले असतात?

धातूच्या भट्टीतली मळी, टेक्टाइट, साधा बेसॉल्ट, आणि खऱ्याच पण साध्या अशनीला चंद्राचं नाव लावून विकलेला. टेक्टाइट चंद्रावरून येतात असं एकेकाळी काही शास्त्रज्ञही मानत होते, त्यामुळे जुन्या पुस्तकांचा हवाला देऊन विकणारे भेटतात, पण ते पृथ्वीवरच्याच धडकांत वितळलेली पृथ्वीचीच काच आहे. मूनस्टोन म्हणून अंगठीत घालतात तो फेल्डस्पारचा रत्नखडा, तोही पृथ्वीवरचाच.

प्रमाणपत्राबद्दल एक सांगतो, छान छापलेलं प्रमाणपत्र कुणीही छापू शकतं. मी आधी विक्रेत्याचं बिल मागतो, ज्यावर नाव, नंबर, वजन आणि तुकडा त्याच्याकडे कुणाकडून आला हे लिहिलेलं असतं. आंतरराष्ट्रीय अशनी संग्राहक संघटना आहे, तिच्या सदस्यांना क्रमांक असतो आणि संघटनेच्या यादीत तो ताडता येतो. सदस्य आहे म्हणजे डोळे मिटून घ्या असं नाही, पण तक्रार करायला जागा असते.

आमच्या शेतात काळा, जड, भोकं असलेला दगड सापडलाय. चंद्राचा असेल?

हा प्रश्न महाराष्ट्रातून सगळ्यात जास्त येतो आणि कारण साधं आहे, आपला बहुतेक महाराष्ट्र दख्खनच्या बेसॉल्टवर उभा आहे. काळा, जड, भोकं असलेला दगड इथे पायलीला पन्नास. ती भोकं लाव्हातले वायूचे बुडबुडे आहेत, त्यातच कधीकधी झिओलाइटचे स्फटिक भरतात, आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट तर जगभरचे खनिज-संग्राहक शोधत येतात. अशनीत अशी मोठी भोकं सहसा नसतात. गारगोटीचे दाणे दिसले तर चंद्र जवळपास बाद. चुंबकाला घट्ट चिकटतो म्हणून खूश होऊ नका, साधे अशनी चिकटतात पण चंद्राच्या दगडात धातू फार कमी असल्याने बहुतेकांना चुंबक जेमतेम ओढतं, आणि आपला बेसॉल्टही त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे थोडा ओढला जातो.

पण म्हणून फेकून देऊ नका. २२ मे २०१२ ला भरदुपारी नागपूरजवळ काटोलला खरोखर अशनी पडले, घरांच्या आसपास, शेतात तुकडे मिळाले. चंद्राचे नव्हते, साधे कॉन्ड्राइट, म्हणजे सर्रास पडणाऱ्या प्रकारचे दगडी अशनी होते, पण खरे होते. शंका असेल तर फोडू नका, धुऊ नका, सापडलेल्या जागी फोटो काढा, लोकेशन लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला दाखवा.

लोणारला मिळतो का?

नाही. लोणारला बाहेरून आलेली वस्तू आदळली आणि बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, त्याचा चंद्राशी संबंध वेगळा आहे. चंद्रावरची काळी मैदानं बेसॉल्टची आहेत आणि त्यात पडलेल्या विवरांची तुलना करायला पृथ्वीवर असं ताजं, बेसॉल्टमधलं विवर फार दुर्मिळ, म्हणून १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञ लोणारच्या काचेचे मणी आणि अपोलोने आणलेले मणी शेजारी शेजारी ठेवून बघतायत. बुलढाण्याचं माणूस असाल तर हे अभिमानाने सांगा. मात्र तिथून दगड-काच उचलायची नाही, ते अभयारण्य आहे.

भारतात चंद्राचा अशनी सापडलाय का? आणि सापडला तर माझा होतो का?

चांद्र अशनी भारतात सापडल्याची नोंद नाही. जे सापडतात ते मुख्यतः सहारा, ओमान आणि अंटार्क्टिकातून, कारण वाळवंटात आणि निळ्या बर्फावर दगड टिकतो आणि दिसतो, आपल्याकडे चार पावसाळे, झाडी आणि नांगर यात हरवतो. भारतात पडलेल्या-सापडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो, म्हणून असा दगड मिळाला तर त्यांना कळवायचं, विकायला काढायचा नाही. कोलकात्यात त्यांचा मोठा संग्रह आहे.

बाकी देशांचंही बघावं लागतं. अंटार्क्टिकातले दगड फक्त संशोधनासाठी, ते बाजारात येतच नाहीत, कुणी "ॲलन हिल्स" विकतोय म्हणाला तर ते खोटं तरी आहे नाहीतर चोरीचं. ऑस्ट्रेलियातून परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. ओमाननेही बाहेर नेण्यावर निर्बंध घातलेत, त्यामुळे धोफार नावाचा तुकडा घेताना तो केव्हा बाहेर आला हे विचारा.

परदेशातून मागवला तर कस्टम्समध्ये अडकतो का?

अडकू शकतो, मुख्यतः पार्सलवर नीट काही लिहिलेलं नसतं म्हणून. संग्रहासाठीचा खनिज नमुना असं स्पष्ट लिहायला सांगा, खरी किंमत टाका, बिलाची प्रत बाहेर आणि आत दोन्हीकडे ठेवायला सांगा, ड्युटी धरूनच बजेट करा. "किंमत कमी लिहून पाठवू का" असं काही विक्रेते आपणहून विचारतात, नाही म्हणा. हरवलं तर विमा त्याच कमी किमतीचा मिळेल, आणि तुमच्या तुकड्याचा एकमेव कागद खोटा होऊन बसेल. अमेरिकेत किंवा युरोपात आपलं कुणी असेल तर टूसॉनचं किंवा फ्रान्समधल्या एन्सिसहाइमचं प्रदर्शन बघून या, शंभर विक्रेत्यांचा माल एका दिवसात डोळ्यांखालून जातो आणि डोळा तयार होतो.

पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

मुंबई-कोकण-गोवा इथल्या हवेत लोखंडी अशनी बघता बघता गंजतात, त्यामानाने चंद्राचा दगड सोसतो कारण धातू कमी. तरी भेगांतलं कॅल्साइट आणि वाळवंटातले क्षार ओल धरतात. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरायचं. पाण्याने धुवायचा नाही, तेल लावायचं नाही, पॉलिश केलेल्या बाजूला बोट लावायचं नाही, कडेने धरायचा. देवघरात ठेवणारेही आहेत, ठेवा, पण कुंकू-हळद-पाणी लागणार नाही असा काचेच्या डबीत.

हाताळला तर काही अपाय? वास येतो का?

अपाय काही नाही, साध्या दगडाइतकाच निरुपद्रवी आहे. अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्राच्या धुळीला बंदुकीच्या दारूसारखा वास आला होता, अशनींना तो येत नाही, ते हजारो वर्षं आपल्या हवेत राहिलेत.

संग्राहकांमुळे विज्ञानाचं नुकसान नाही का होत?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांब लिहितो. अपोलो आणि लूनाची नमुने आणणारी सगळी यानं चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला, त्यातही बऱ्यापैकी विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात उतरली. पलीकडच्या बाजूची माती थेट हातात आली ती पार २०२४ मध्ये, चीनच्या चांगअ ६ ने १,९३५ ग्रॅम आणली तेव्हा. अशनी मात्र चंद्रावर कुठूनही उडून येतात, पलीकडूनही, त्यामुळे उंचवट्यांचा सरसकट दगड कसा असतो हे समजायला त्यांचा फार मोठा हातभार आहे. ओमानमध्ये २००२ च्या जानेवारीत स्विस तुकडीला सापडलेला सेह अल उहैमीर १६९ फक्त २०६ ग्रॅमचा, पण क्रीपने इतका भरलेला की इंब्रियमचं प्रचंड खोरं खोदणाऱ्या धडकेशी त्याचा संबंध लावता आला, सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वीच्या.

आता सहारातले दगड शोधतं कोण, तर तिथली भटकी माणसं, आणि ती शोधतात कारण विकत घेणारे आहेत. संग्राहक नसते तर यातले बहुतेक दगड वाळूतच राहिले असते. दुसरी बाजूही खरी आहे, सापडण्याची नेमकी जागा हरवते आणि एक दगड शंभर तुकडे होऊन शंभर घरांत जातो. म्हणूनच तो २० ग्रॅमचा नियम मला एवढा मोलाचा वाटतो. नंबर असलेला तुकडा घेताना त्याच दगडाचा एक भाग कायमचा संशोधकांसाठी राखलेला असतो, बिननंबरी घेताना तो नसतो.

आपलं चांद्रयान ३ जिथे उतरलं तिथल्या मातीचं प्रज्ञान रोव्हरने मोजमाप केलं, अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेच्या उपकरणाने, आणि २०२४ मध्ये छापून आलेल्या निकालात ती माती ॲनॉर्थोसाइटच्या घराण्यातली निघाली. म्हणजे बाजारात मिळणारा साधा, सगळ्यात स्वस्त फेल्डस्पारवाला ब्रेशिया मोठ्या प्रमाणावर त्याच मूळ खनिजाचा आहे. तो त्याच जागेचा आहे असं मात्र कुणी म्हणालं तर मानू नका, कुठल्या विवरातून उडाला हे बहुतेक अशनींबाबत ठरवता येत नाही.

गुंतवणूक म्हणून कसं आहे?

वाईट. गेल्या वीस वर्षांत साध्या प्रकारांचे भाव नवीन माल येत गेला तसे पडत गेले आणि सहारात अजून किती पडलेत कुणाला माहीत. ज्याला मुलांच्या शिक्षणाचे पैसे वाढवायचेत त्याने दुसरीकडे जावं. आवड आहे म्हणून घ्या.

माझ्यानंतर घरच्यांना हे कसं कळणार?

लेबलवरून. पूर्ण नाव आणि नंबर, वजन मिलिग्रॅमपर्यंत, कुणाकडून, कोणत्या तारखेला, कितीला. हे शाईने लिहून तुकड्याच्याच डबीत ठेवा, त्याचा फोटो आणि बिल वेगळं ठेवा, आणि घरातल्या एकाला तरी डेटाबेसमध्ये नंबर कसा शोधायचा ते दाखवून ठेवा. जुना संग्रह विकत घेताना मिळालेली आधीची लेबलं, अगदी फाटकी असली तरी, टाकायची नाहीत, आपलं लेबल त्यांच्या शेजारी ठेवायचं.